उष्टं पितळ

नांदुऱ्याच्या हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा मी ज्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहिलो, ते वकीलसाहेब फक्त नादारीची कामं घेत. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्ह्यात वकील पुष्कळ होते आणि बांधावरून, वाटणीवरून, कुऱ्हाडीच्या घावावरून ज्यांना कोर्टात जायचं असे ते त्यांच्याकडे जात. आमच्या ओट्यावर येणारा माणूस वेगळा असे. त्याला कुणाशी भांडायचं नसे. त्याला कोर्टाला लेखी सांगायचं असे की माझ्याकडे आहे ते इतकं, लोकांचं देणं आहे ते तितकं, आणि यापुढे माझ्याने होत नाही. मग कोर्ट त्याला नादार ठरवी, त्याचं किडुकमिडुक रिसीव्हरच्या ताब्यात देई, रिसीव्हर ते विकून घेणेकऱ्यांमध्ये वाटे, आणि माणूस सरळ वागला असेल तर वर्षभराने उरलेल्या देण्यातून त्याची सुटका होई.

वकीलसाहेब साठी ओलांडलेले, विधुर, उंच आणि मानेपाशी किंचित वाकलेले होते. घरात ते शुद्ध बोलत, ओट्यावर वऱ्हाडी बोलत आणि कोर्टात दोन्हींचं मिश्रण बोलत, ज्याला ते इंग्रजी समजत. फी आगाऊ घेत. नादाराकडे फी बाकी ठेवली की वकीलच यादीतला शेवटचा घेणेकरी होतो आणि मग त्याला स्वतःविरुद्ध युक्तिवाद करावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझी खोली आणि त्यांची कचेरी यांच्यामध्ये नुसती फळ्यांची आडभिंत असल्यामुळे त्यांचे सगळे सल्ले मला फुकट ऐकू येत. माझं अक्षर बरं आहे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांनी मला याद्या लिहायला बसवलं. पानाला चार आणे, रोख, शाई वाळायच्या आत.

ओट्यावर एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात नुसती उत्तरं रंगवलेली होती. प्रश्न नव्हते. "प्रश्न सगळ्यांना पाठ असतात," ते म्हणत, "त्यावर रंग कशाला घालवायचा?" पाटीवर असं होतं: नाही, तुरुंगात टाकत नाहीत, लपवलं तर टाकतात. मंगळसूत्र राहतं, बाकीचं बोला. हो, गावाला कळतं. कोर्टाच्या दारावर कागद लागतो. बायकोच्या नावावर आता करू नका, उशीर झाला. हत्यारं राहतात, दुकान जातं. जामीनदार सुटत नाही. पाटीसमोरच मोटारीचा थांबा होता. मलकापूरला निघालेली, कुणाचं काही देणं नसलेली माणसंही ती पाटी वाचत आणि पहिल्या ओळीने त्यांचा जीव थोडा हलका झालेला दिसे.

कचेरीत हातांची खुर्ची एकच होती आणि ती नादाराची होती. घेणेकरी आला तर त्याला बाक. स्वतः वकीलसाहेब पुस्तकांच्या पेटीवर बसत. एकदा एक रावसाहेब मोटारीतून आले. पदवी इंग्रजांनी दिलेली होती आणि ते राज्य गेलं तरी पदवी घरीच राहिली होती. मागे मुनीम, त्याच्यामागे पानाचा डबा धरलेला गडी. त्यांना नादारी हवी होती, पण मानाने. वकीलसाहेबांनी खुर्ची दाखवली. आपण अजून नादार नाही म्हणून रावसाहेब खुर्चीवर बसेनात, आणि बाक त्यांच्या इतमामाला शोभेना. ते पाऊण तास उभे राहिले.

"नोटिशीत नाव कसं येईल?" त्यांनी विचारलं.

"जसं तुम्ही सांगाल तसं."

"रावसाहेब हे पाहिजे."

"घालू. तेवढीच एक वस्तू आहे जी जप्त होत नाही."

"आणि नगरपालिकेची निवडणूक?"

"सुटका होईपर्यंत उभं राहता येत नाही. आत्ता राहिलात तेवढंच."

रावसाहेब मोटारीत जाऊन बसले आणि पुन्हा आले नाहीत. पुढे त्यांनी कर्ज काढून कर्ज फेडायचा मार्ग धरला, म्हणून त्यांची मोटार आणखी दोन वर्षं टिकली.

यादी करायची वकीलसाहेबांची एक रीत होती. माणूस खुर्चीत बसला की ते म्हणत, "चुलीपासून सुरू कर." तवा किती, तपेली किती, पाटा आहे का, त्याचा वरवंटा फुटका आहे का. मग माजघर, मग ओसरी, मग दुकान. माझ्या लक्षात आलं की चुलीजवळच्या वस्तूंबद्दल कुणी खोटं बोलत नाही. लपवायचं ते लोक पुढच्या घरातलं लपवतात. पण तवा, झारा, पोळपाट असं खरं सांगत सांगत दारापर्यंत येईतो जीभ त्या वळणाला लागलेली असे आणि सायकल, घड्याळ, मेव्हण्याकडे ठेवलेली शिवणाची मशीन आपोआप बाहेर पडत. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण कायद्याने सुटतच असे. तरी ते लिहून घेत. मी एकदा म्हटलं, सुटतंच तर लिहायचं कशाला? ते म्हणाले, "आपल्याकडे काही उरतं आहे हे त्यालाही कुठेतरी वाचायला मिळू दे, मास्तर."

त्यांना बँडबाजा आवडत नसे. रस्त्याने वरात चालली की ते कानात कापूस घालून पुस्तक वाचत. म्हणून पौष महिन्यात एका सकाळी गावातल्या बँडचे उस्ताद ओट्यावर आले तेव्हा मला वाटलं, हे काम काही ते घेत नाहीत.

उस्ताद पन्नाशीचे, सडपातळ, ओठावर क्लॅरिनेटचा घट्टा पडलेला. त्यांचा बँड म्हणजे अकरा माणसं, निम्मी त्यांच्या मोहल्ल्यातली, निम्मी आसपासच्या गावांच्या मांगवाड्यांतली. दोन वर्षांपूर्वी लग्नांत लाउडस्पीकरवर रेकॉर्डी लावायची टूम निघाली. तिला तोंड द्यायला उस्तादांनी सगळी वाद्यं नवी घेतली आणि लाल कोट शिवले. पैसे आणि कापड गावातल्या एका कापडवाल्या शेटजींनी दिलं. रेकॉर्डी स्वस्त पडत होत्या, आणि रेकॉर्ड जेवायला मागत नाही. देणं वाढत गेलं, शेटजींनी हुकूमनामा मिळवला आणि लग्नसराई महिन्यावर असताना बेलिफाने सगळी वाद्यं उचलून नेली.

वकीलसाहेबांनी यादी चुलीपासून सुरू केली. ओसरीपर्यंत सगळं सुरळीत आलं.

"रोख?"

"नाई जी. होते एकशे पाच. परवा वाटून आलो."

"वाटून आलो म्हणजे?"

"पाच घरचा विसार घेतला होता. एकवीस-एकवीस रुपये. परत करून आलो. मोताळ्याले दोन घरं, वडनेरले दोन, एक इथंच."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आत जाऊन पाणी पिऊन आले.

"उस्ताद, तुम्ही चोरी केली असती तर बरं झालं असतं. चोरीला निदान पुरावा लागतो. काऊन दिला परत?"

"बाजे जप्तीत गेले, साहेब. वाजवू शकत नाई तं पैसा कसा ठेवू? तो पैसा माहा नाई ना, पोरीच्या बापाचा हाये. विसार घेतला म्हंजे वाजवा लागते. नाई वाजवलं तं परत द्या लागते. विसार खाल्लेल्या बँडवाल्याले कोनी दारात उभं नाई करत."

"तुमच्या धंद्यात. कायद्यात तो पैसा सगळ्यांचा होता. सहा जणांचं देणं आहे आणि तुम्ही अर्जाच्या दोन दिवस आधी आपल्या आवडीच्या पाच जणांचं फेडून बसलात. शेटजींचा वकील काय म्हणेल माहीत आहे? ह्या माणसाने काहींना पुढे केलं, काहींना मागे टाकलं, ह्याची नियत साफ नाही, ह्याला सुटका देऊ नका. आणि त्या पाच बापांकडून पैसे वसूल करा."

उस्ताद पहिल्यांदा घाबरले. स्वतःची वाद्यं गेली तेव्हा ते इतके घाबरले नव्हते. "त्याइच्या घरी शिपाई जाईन?"

"जाईल."

"मंग मले नको नादारी."

"आता ती तुमच्या हातात नाही. वाद्यं गेली, रोख गेली, दुसरी वाट उरली नाही," वकीलसाहेब म्हणाले, आणि मला म्हणाले, "मास्तर, लिहा. रोख, निरंक."

सुनावणी बुलढाण्याला होती. शाळेला सुटी होती आणि याद्या माझ्या अक्षरात होत्या, म्हणून मीही गेलो. मोताळ्याला बस थांबली तेव्हा विसार परत मिळालेल्या दोन घरचे बाप त्याच बसमध्ये चढले. त्यांना समन्स गेलं होतं. त्यातला एक उस्तादांच्या शेजारीच बसला.

"काय बाप्पा उस्ताद, पैसे वापस देऊन आमाले कोर्टात नेता का? असं पाह्यलं नवतं कोठी."

"माफ करा, पाटील."

"माफ कायचं करू. त्या पैशाइचा लाउडस्पीकर ठरोला म्या. बायको बोलून नाई राह्यली माह्यासंग. म्हंते, पोरीले रेकॉर्डीवर घराबाहेर काढता का."

राजूरचा घाट चढेपर्यंत पाटील हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते. वकीलसाहेब पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले आहेत. उतरल्यावर त्यांनी पाटलांना बाजूला नेऊन एकच विचारलं, "बँड मिळाला तर रेकॉर्डी रद्द कराल?" पाटील म्हणाले, "आत्ता करतो."

कोर्टात शेटजींचे वकील प्रथम उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की हा माणूस नादारच नाही. त्याची वाद्यं दोन वर्षांपूर्वी सव्वीसशे रुपयांना घेतलेली आहेत. अजून झळाळत आहेत. ती विकली तर देणं बऱ्यापैकी फिटतं.

वकीलसाहेबांनी जप्त मालातलं एक वाद्य समोर आणायची विनंती केली. बेलिफाने फडक्यात गुंडाळलेला एक ट्रम्पेट आणून टेबलावर ठेवला. तो खरोखरच झळाळत होता.

"शेटजींनी याची किंमत सांगितली आहे," वकीलसाहेब म्हणाले. "वाद्याची किंमत ते वाजतं की नाही यावर ठरते. शेटजींनी एकदा फुंकून दाखवावं एवढीच विनंती आहे."

शेटजी साक्षीच्या पिंजऱ्यात होते. ते ट्रम्पेटकडे बघत राहिले.

"फुंका," न्यायाधीश म्हणाले. "सूर लागला नाही तरी चालेल."

"मी कसा फुंकीन, साहेब?"

"का?"

"ते उष्टं हाये."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. वकीलसाहेबांनी बेलिफाला विचारलं की जप्तीच्या वेळी त्याने वाद्यं चालू आहेत का हे पाहिलं होतं का. बेलीफ म्हणाला, हाव, पाह्यलं. कसं पाहिलं? डोळ्यांनी. शेटजींच्या मुनिमाला विचारलं. मुनीम म्हणाला की मी माळकरी आहे. मग वकीलसाहेबांनी सावकाश, आवाज न चढवता सांगितलं की किंमत सांगणारा माणूस त्यात पाहतो पितळ, आणि लिलावाला आलेला माणूस पाहतो की याच्यात आधी कोण फुंकत होतं. मोहल्ल्यातला की मांगवाड्यातला, हे तो आधी विचारेल आणि भाव नंतर. हा कायदा पुस्तकात नाही. पण बाजार पुस्तकावर चालत नाही. या वाद्यांना जगात अकराच गिऱ्हाइकं आहेत आणि ती सगळी आज बेकार आहेत.

शेटजींचे वकील जरा विचार करून म्हणाले की गिऱ्हाईक आहे. खामगावाकडचा एक तांबट वजनावर घ्यायला तयार आहे. वितळवल्यावर उष्टं राहत नाही.

कोर्टात उस्ताद कुठे बसले आहेत ते मी पाहिलं. ते मांडीवरच्या टोपीची कड बोटांनी मोजल्यासारखी फिरवत होते.

वजनावर भाव किती, न्यायाधीशांनी विचारलं. शंभराच्या आसपास. सव्वीसशेचे शंभर झालेले ऐकून शेटजींनाही वाईट वाटलेलं दिसलं.

वकीलसाहेबांनी तेव्हा अर्ज काढला. तो मीच लिहिलेला होता, पण त्याचा अर्थ मला तिथे कळला. नादाराचा धंदा काही दिवस चालवून घेणेकऱ्यांचा फायदा होत असेल तर कोर्टाच्या परवानगीने रिसीव्हरला तो चालवता येतो. पाच बापांनी विसार परत रिसीव्हरकडे भरावा. म्हणजे कुणाला पुढे केल्याची तक्रारच उरत नाही. रिसीव्हरने वाद्यं ताब्यात घ्यावी आणि ही लग्नसराई वाजवून घ्यावी. येईल ते घेणेकऱ्यांचं. रुपयात आठ आणे भरले तर सुटकेचा विचार व्हावा. मग वाद्यं विकावी.

पाटील पिंजऱ्यात आले. त्यांना विचारलं की पैसे परत भरायला तुमची हरकत आहे का.

"पैसे घ्या, साहेब," पाटील म्हणाले, "पन बँड द्या. माह्या घरात शांतता पाह्यजे."

न्यायाधीशांनी परवानगी दिली. क्लॅरिनेट उस्तादांना कारागिराचं हत्यार म्हणून सोडलं. बाकीची वाद्यंही हत्यारंच आहेत, हे वकीलसाहेबांचं म्हणणं मात्र मान्य झालं नाही. एका कारागिराला तोंड एक असतं, असं न्यायाधीश म्हणाले.

रिसीव्हर म्हणून नेमलेले गृहस्थ बुलढाण्याचेच एक वृद्ध वकील होते. त्यांना दमा होता आणि नियमाबाहेर काही करणं त्यांना जमत नसे. धंदा चालवायचा म्हणजे स्वतः हजर राहायचं, असा त्यांनी हुकमाचा अर्थ लावला. त्या वर्षी नांदुरा-मोताळा भागात ज्यांनी वराती पाहिल्या त्यांना आठवत असेल: पुढे लाल कोटातला बँड, मागे घोड्यावर नवरदेव, आणि दोघांच्या मध्ये काळा कोट, छत्री आणि पावतीपुस्तक घेतलेला एक खोकणारा माणूस. पैसे पूर्ण मिळून पावती फाडेपर्यंत ते ढोलावर टिपरी पडू देत नसत. लोकांना हा प्रकार सरकारी वाटला. सरकारी म्हणजे चांगला, असा तेव्हा समज होता. "कोर्टाचा बँड" म्हणून मागणी वाढली. रेकॉर्ड लावणाऱ्यांकडे असा माणूस नव्हता.

वरातीत मध्यभागी चालणारा वयस्कर माणूस म्हणजे कुणीतरी मानकरी, हे समजून बऱ्याच घरी त्यांना टोपी-टॉवेल आणि नारळ मिळे. त्यांनी तोही मान स्वतःकडे ठेवला नाही. नादाराच्या मालमत्तेच्या यादीत पुढे मी स्वतः लिहिलं आहे: टोप्या एकोणीस, टॉवेल एकोणीस, नारळ एकवीस, पैकी चार नासके.

वैशाखात शेटजींच्या पुतण्याचं लग्न निघालं आणि घरातल्या बायकांनी कोर्टाचाच बँड हवा म्हणून धरलं. शेटजी ओट्यावर येऊन बाकावर बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. उस्ताद आपलं देणं लागतो. तेव्हा बँडचे नव्वद रुपये त्यातून वजा करावे.

"देणं उस्तादांकडे," वकीलसाहेब म्हणाले. "बँड कोर्टाचा."

"मानसं तेच हायेत ना?"

"माणसं तीच आहेत. सूरही तोच. पावती वेगळी."

शेटजींनी नव्वद रुपये रोख भरले. त्यातले काही आपल्याच हिश्शाला परत येणार आहेत हे त्यांना समजावून सांगितलं, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

सराई संपली तेव्हा रुपयात आठ आण्यांच्या वर दोन पैसे जमले होते. सुटकेचा प्रश्न बहुतेक मिटला. वाद्यांचा उरला, कारण ती विकावीच लागणार होती. सुटका झाली आणि वाद्यं तांबटाकडे गेली, तर उस्ताद एक क्लॅरिनेट घेऊन मोकळे आणि दहा माणसं तशीच मोकळी. वकीलसाहेबांनी एवढंच मिळवलं की सगळा माल एका ढिगाने न विकता नगानगाने विकावा. सराईभर रिसीव्हरने वाजवणाऱ्यांना दर लग्नाचे तीन रुपये दिले होते, ठरल्या दिवशी, अंगठा घेऊन. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल. वकीलसाहेबांनी एकेकाला बोलावून सांगितलं होतं, पैसे बांधून ठेवा. कशाला ते सांगितलं नव्हतं.

लिलाव बाजाराच्या दिवशी, धर्मशाळेच्या ओट्यावर झाला. तांबट बैलगाडी आणि काटा घेऊन आला होता. तो मोठा सभ्य माणूस होता. पहिला ट्रम्पेट त्याने तोलला, वजनाने नऊ रुपये सांगितले. ट्रम्पेटवाल्याने दहा सांगितले. तांबटाने त्याच्याकडे पाहिलं, ते वाद्य पाहिलं, आणि मान हलवून सोडून दिलं. दुसऱ्याने स्वतःचं घेतलं, तिसऱ्याने घेतलं. ढोल, झांजा गेल्या. बाजारातली माणसं गोळा झाली होती. पण मधे कुणी बोलेना. रिसीव्हर दर वेळी पावती फाडत होते आणि तांबटाची गाडी रिकामीच होती.

शेवटी उरलं ते सगळ्यात मोठं वाद्य. त्याचं इंग्रजी नाव बँडमध्ये कुणालाच येत नव्हतं. सगळे त्याला हत्ती म्हणत. ते गळ्यात अडकवून फुंकणारा वडनेर भोलजीचा एक म्हातारा होता, पासष्टीचा, त्या पितळाच्या आत जवळजवळ दिसेनासा होणारा. हत्तीचं वजन सात किलो भरलं. तांबट म्हणाला, पस्तीस.

म्हातारा म्हणाला, "छत्तीस."

"अडतीस," तांबट म्हणाला. मला वाटतं त्याला राग नव्हता, पण गाडीभाडं त्याने खिशातून दिलं होतं आणि हात हलवत खामगावला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"चाळीस," म्हातारा म्हणाला. त्याने ते अशा आवाजात म्हटलं की पुढे काही नाही हे बाजाराला कळलं.

"एकेचाळीस."

रिसीव्हर म्हणाले, "एकेचाळीस एक." मग म्हणाले, "एकेचाळीस दोन." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ टिकली. ती खरी होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

उस्ताद पुढे होऊ लागले. वकीलसाहेबांनी त्यांना हाताने मागे सारलं. सुटका होईपर्यंत त्यांच्याजवळ जे येईल ते रिसीव्हरचंच होतं. वकिलाला स्वतःला आपल्याच प्रकरणातल्या लिलावात बोली लावता येत नव्हती. म्हातारा ओट्यापाशी आला.

"साहेब, धा-अकरा रुपये द्या. दिवाळीलोक फेडीन."

"मी उसने देत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "उसन्याने वाद्यं घेतली म्हणून तर सहा महिने इथे बसलो आहोत."

म्हातारा हत्तीकडे बघत उभा राहिला. रिसीव्हर अजून खोकत होते. वकीलसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून अकरा रुपये काढले, मोजले आणि म्हाताऱ्यापुढे धरले.

"हा विसार घे. तुला एकट्याला ठरवतो आहे."

"एकल्याले?" म्हाताऱ्याला ते उमजेना. "हत्तीले गानं नसते, साहेब. तो मांगून नुसता भों भों करते."

"तेवढंच पाहिजे."

"कोनाचं लगन हाये?"

"लग्न नाही. वरात माझीच आहे, पण घोडा नसेल. चौघं उचलतील." ते नोटिशीचा मजकूर सांगितल्यासारखे बोलत होते. "त्या दिवशी मी कुणाचंही देणं भागवायच्या परिस्थितीत नसेन. म्हणून विसार आणि पूर्ण बिदागी एकदमच देतो आहे. घ्यायचं असेल तर घे. घेतलंस तर वाजवावं लागेल."

म्हाताऱ्याने नोटांकडे पाहिलं, मग साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, धंद्यातला माणूस गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं. त्याने दोन्ही हातांनी पैसे घेतले आणि कपाळाला लावले.

"एकावन," तो वळून म्हणाला.

रिसीव्हरांचा खोकला थांबला. तांबटाने काटा उचलून गाडीत ठेवला. "पितळाले एवढा भाव नसते, बाप्पा," तो म्हणाला, "घेऊन जा."

उस्तादांची सुटका आषाढात झाली. शेटजींनी हरकत घेतली नाही. त्यांच्या घरी आणखी दोन लग्नं व्हायची होती. मी त्या गावात पुढे आठ वर्षं होतो. बाजाराच्या दिवशी म्हातारा वडनेरहून येई, भाजी घेई आणि घरी जाण्याआधी आमच्या ओट्याच्या पायरीशी उभा राहून काम विचारून जाई.

"साहेब, तारीख?"

वकीलसाहेब कागदातून मान वर करून म्हणत, "अजून नाही."

"असू द्या," म्हातारा म्हणे. "घाई नाई. पैसे तं आलेच हायेत."